तुळशीचे गाव

बारा कोसांवर भाषा बदलते, हे मी वर्गात दर वर्षी सांगतो. बारा कोसांवर तुळसही बदलते, हे मला आमच्या सौभाग्यवतींच्या मावशींनी शिकवले. मावशी पेठच्या. नाशिकहून निघून सावळघाट ओलांडला की पाऊस निराळा, माती निराळी, बोलीही निराळी. अंगणातले रोप भाचीच्या हाती देताना त्या म्हणाल्या, "काढा करायचा तर हिचाच कर गं. तुमच्या नाशकातल्या तुळशीला हा वास कुठला?"

कुणाला हा निव्वळ गावाचा अभिमान वाटेल. पण रसायनशास्त्र मावशींना अगदीच खोटे पाडत नाही. तुळशीच्या पानांतले सुगंधी तेल सर्वत्र सारखे नसते. एका वाणात युजेनॉल, म्हणजे लवंगेला तिचा वास देणारे द्रव्य, भरपूर असते. दुसऱ्यात मिथाइल युजेनॉल वरचढ असते. हा झाला कुळाचा भाग. त्यावर ऊन, पाऊस, माती, पानाचे वय आणि खुडण्याचा ऋतू आपापला हात फिरवतात. कुळाचे देणे किती आणि मातीचे किती, हे ठरवायचे तर एकच बी दोन्ही अंगणांत लावून पाहावे लागते. औषधी कोणत्या भूमीतली आणि कोणत्या ऋतूत काढलेली, हा विचार चरकसंहितेच्या कल्पस्थानातही आहे.

तुळशीपुरती ही घरगुती चर्चा झाली. नरक्याची गोष्ट अधिक गंभीर आहे. १९६६ साली मन्रो वॉल आणि मूळचे नंदुरबारचे मनसुख वाणी यांनी अमेरिकेत एका चिनी झाडातले कॅम्प्टोथेसिन जगापुढे आणले. कर्करोगावरच्या काही औषधांचा तो पाया ठरला. १९७२ साली तेच द्रव्य आपल्या सह्याद्रीत वाढणाऱ्या नरक्यातही सापडल्याचे जाहीर झाले. त्याचे प्रमाण ठिकाणागणिक, झाडागणिक वेगळे निघते. मागणी वाढली तशी झाडांवर कुऱ्हाड चालली. एका डोंगरावरचा नरक्या संपला, तर पलीकडच्या डोंगरावर त्याच नावाची झाडे आहेत म्हणून भागत नाही. गेले ते कूळच कदाचित सर्वांत गुणी असेल.

एखादी बोली मिटली, तर प्रमाण मराठी शिल्लक आहे म्हणून का कुणी समाधान मानतो? वनस्पतीचे नाव कोशात राहते. गुण मात्र तिच्या कुळात आणि गावात असतो. तेव्हा औषधी पाल्याची पुडी घेताना नावाबरोबर गावही विचारावे. दुकानदार हसेल. हसू द्यावे.