नोंदवहीत नसलेला सोनचाफा

पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयात एका छापलेल्या गुलाबासमोर उभी असताना मला संताप अनावर झाला. गुलाबावर नव्हे, तो सुंदरच होता.

रुबेन्सच्या मारी द मेदिचीच्या विवाहचित्रात पायऱ्यांवर एक गुलाब पडलेला आहे. फ्रेंच कलावंत झां-मिशेल ओथोनिएल यांनी तो हेरला आणि 2019मध्ये, लूव्ह्रच्या काचेच्या पिरॅमिडला 30 वर्षं झाली तेव्हा, त्यावरून सहा चित्रं केली. त्याच गुलाबाचं छापचित्र संग्रहालयानं आपल्या ‘काल्कोग्राफी’ या छापचित्रांच्या विभागासाठी करवून घेतलं. 1797 साली स्थापन झालेल्या या विभागाकडे सुमारे 14,000 प्लेटा आहेत. चौदाव्या लुईच्या काळात निकोला रोबेरनं कोरलेली झाडंफुलंही त्यांत आहेत. तांबं झिजू नये म्हणून त्यावर पोलादाचा मुलामा देतात आणि हातानं शाई भरून आजही प्रिंट काढतात.

मलाही एका संस्थेनं संग्रहासाठी फूल कोरायला सांगितलं होतं. मी सोनचाफा घेतला. तांब्याची प्लेट, ब्युरिन म्हणजे कोरायची पोलादी कोरणी, आणि चार महिने. पाकळीचं वळण साधायचं तर ब्युरिन धरलेला हात स्थिर ठेवून प्लेटच फिरवावी लागते. एक घसरलेली रेघ घासून काढायला मला आठवडा लागला होता. प्रिंट दिल्या, प्लेटही तिथेच ठेवली.

काही वर्षांनी गेले तर प्लेट गायब. कोठीची सफाई झाली होती. तांबं किलोवर गेलं. तिथल्या कर्मचाऱ्यानं विचारलं, “तुमचं चित्र फ्रेममध्ये आहे ना मॅडम? मग पत्रा कशाला हवा?” पत्रा! मी अर्ज केला. उत्तर आलं, नोंदवहीत प्रिंटची नोंद आहे, प्लेटची नाही. सबब काहीही गहाळ झालेलं नाही. तो कागद मी अजून फाडलेला नाही.

खरं तर एडिशन, म्हणजे ठरलेल्या प्रती, पूर्ण झाली की प्लेटवर फुली मारून ती रद्द करावी, हेच मी विद्यार्थ्यांना शिकवत आले. आणखी प्रती निघणार नाहीत, असा प्रत घेणाऱ्याला दिलेला तो शब्द असतो. कदाचित सोनचाफ्यावरही मीच फुली मारली असती. लूव्ह्रमध्ये मात्र वाटलं, प्लेट जपणंच बरोबर. अजून माझा निर्णय होत नाही.

पण छापचित्रकारांनो, संस्थेकडे प्लेट ठेवताना तिची वेगळी नोंद करवून घ्या, आणि सही-शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय तिथून निघू नका.