कडक लिव्हर

दुकानात नवा लिव्हर दाबून पाहिला तेव्हा मनापासून बरं वाटलं होतं. जुना पार हँडलच्या दांड्याला टेकायला यायचा. हा इंचभर हलला की थांबायचा, दगडासारखा. "बघा सर, कसा कडक झाला," दुकानदार म्हणाला, आणि मलाही तसंच वाटलं.

सायकल माझीच, कॉलेजच्या वर्षांतली. कापसाचे पैसे आल्यावर बप्पांनी अंबाजोगाईहून घेऊन दिलेली. जाड टायरची, सरळ हँडलची कुठलीही सायकल असो, आमच्याकडे ती रेंजरच. कितीतरी वर्षं ती माळवदाच्या खोलीत भिंतीला टेकून उभी होती. यंदा भाचा नववीत गेला, शाळा चार किलोमीटरवर, म्हणून बाहेर काढली. टायर-ट्यूब नवे, वायर नव्या, ब्रेकची रबरं नवी. लिव्हर गंजले होते, तेही बदलले. दुकानात टांगलेल्या जोडांतला एक त्याने काढून दिला. तो कुठल्या ब्रेकचा, हे त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. रविवारी सकाळी सायकल पोचती करायला धारूरहून तेलगावकडे निघालो.

धारूर बालाघाटाच्या पठारावर आणि तेलगाव खाली. मधला घाट अरुंद, वळणावळणाचा. एसटीतून शेकडो वेळा उतरलो असेन, सायकलवर पहिल्यांदाच. पहिल्या उतारावरच कळलं की काहीतरी चुकतंय. दोन्ही लिव्हर दाबले तर वेग कमी होत होता, पण सायकल थांबत नव्हती. आणखी दाबावं तर लिव्हर हलायलाच तयार नाही. समोरून उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर वर येत होता. बोटं पांढरी पडली. मी दोन्ही पाय रस्त्यावर घासले आणि डोंगराकडच्या नालीत सायकल घातली. गुडघा फुटला, चपलेचा तळ अर्धा गेला. नालीतून उठताना मनात एकच आलं, आज मी आहे, सोमवारी पोरगा असता.

उरलेला घाट सायकल हातात धरून उतरलो. खाली रस्त्याकडेला पंक्चरचं खोपटं आहे, म्हातारे चाचा बसतात. त्यांनी सायकल उलटी केली नाही, पान्याला हात लावला नाही. नुसता लिव्हर दाबला, ब्रेककडे पाहिलं आणि म्हणाले, "गुर्जी, हा लिव्हर पॉवर ब्रेकचा हाय. तुमचा ब्रेक जुना. याची-त्याची सोयरीक जमत नाही."

"पण किती कडक लागतोय, चाचा."

"कडक लागतो म्हणून तर धरत नाही."

हे वाक्य घेऊन मी घरी आलो. मी शाळेत विज्ञान शिकवतो. तरफ, टेकू, बल, भार दरवर्षी फळ्यावर काढतो. पट्टी घेऊन दोन्ही लिव्हर मोजले. लिव्हर ज्या खिळ्यावर फिरतो तिथपासून वायरची गाठ अडकते तिथपर्यंत, जुन्यात २६ मिलिमीटर, नव्यात ३८. सगळं त्यातच होतं. आमच्या रानात दगड उचकटताना पहारीखालचा टेकू धोंड्याजवळ सरकवला तर धोंडा सहज सुटतो, पण बोटभरच हलतो. टेकू लांब गेला तर धोंडा वीतभर उठेल, पण अख्खं अंग पहारीवर टाकावं लागतं. नवा लिव्हर वायर जवळपास दीडपट ओढत होता, आणि म्हणूनच तिच्यावरचा जोर एक तृतीयांशाने घटला होता.

पॉवर ब्रेकला ते चालतं. त्याचे दोन हात उंच, दहाएक सेंटिमीटरचे, आणि वायर एका हाताच्या टोकातून दुसऱ्याला थेट आडवी ओढते. जोर वाढवायचं काम ते हातच करतात. त्यांना फक्त वायर भरपूर लागते. शिमानो या जपानी कंपनीने १९९६ मध्ये हा ब्रेक बाजारात आणला तो त्याच्या खास लिव्हरसह. त्याआधीच्या डोंगरी सायकलींना माझ्यासारखे आखूड हातांचे ब्रेक असायचे. दोन हातांना जोडणारी छोटी आडवी वायर, आणि मधोमध तिला वर खेचणारा आकडा. यांना वायर थोडी पुरते, ओढ मात्र जोराची हवी. माझ्या सायकलीवर रबरं रिमला लगेच टेकत होती आणि पुढे दाबायला बोटांत ताकद उरत नव्हती. तो कडकपणा हाच.

उलटी जोडीही तितकीच वाईट. पॉवर ब्रेकला जुना लिव्हर लावला तर पकड जबर येते, पण रबरं रिमला अगदी खेटून ठेवावी लागतात. रिम थोडी आऊट झाली किंवा रबर झिजलं की लिव्हर हँडलला टेकतो आणि ब्रेक संपतो.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर चाचांकडे गेलो. त्यांनी पत्र्याच्या डब्यातून जुन्या लिव्हरचा जोड शोधून काढला, रॉकेलने धुतला, खिळ्यांना तेल सोडलं. आकडा थोडा खाली घेतला. आडवी वायर जितकी सपाट, तितका जोर जास्त, हे त्यांना हातानेच माहीत होतं. फार खाली मात्र घेऊ दिला नाही. पुढची मोठी वायर कधी तुटली तर आडवी वायर टायरच्या खाचांत पडून चाक जाम होतं आणि माणूस हँडलवरून जातो. म्हणून पुढच्या रिफ्लेक्टरची पट्टी त्यांनी आडव्या वायरच्या खाली येईल अशी बसवली. ती पट्टी नुसती शोभेची, असं मी इतकी वर्षं समजत होतो. पैसे विचारले तर म्हणाले, "पोराला आधी इथं घेऊन या, मग बघू."

भाच्याला घेऊन गेलो. त्याने सायकलवर बसायच्या आधीच लिव्हर दाबून पाहिला आणि माझ्याकडे वळला.

"मामा, हा तर ढिला लागतोय."

चाचा हसले. खोपट्यामागे ओढ्याकडे जाणारा कच्चा उतार आहे, तिथे त्याला वर नेलं. मी खाली उभा राहिलो. तो वेगात आला, बाभळीच्या अलीकडे त्याने दोन-दोन बोटांनी दोन्ही लिव्हर ओढले, आणि सायकल माझ्यापासून हातभर अंतरावर थांबली. तो क्षणभर तसाच बसून राहिला, मग स्वतःच सायकल वळवून पुन्हा वर गेला.