बर्ड्सव्हिलच्या वाटेचे पाथेय

गेल्या जून महिन्यात आम्ही ऑस्ट्रेलियातील ॲडलेड शहरी भाच्याकडे जाऊन राहिलो होतो. सांगावयास निमित्त हवापालटाचे. खरी कामगिरी निराळी होती. आमची धाकटी बहीण ऐन तारुण्यात विधवा झाली आणि हा तिचा एकुलता एक मुलगा. वय छत्तीस, घरी चार वर्षांची मुलगी, आणि अशा गृहस्थाने मोटारसायकलवर एकट्याने वाळवंट ओलांडण्याचा बेत केलेला! आम्ही पुण्याहून निघताना बहीण म्हणाली, "दादा, तो तुझे ऐकेल. त्याला या वेडातून सोडव." आम्ही हो म्हटले. त्यातून वाट जेथे सुरू होते त्या गावाचे नाव 'मरी'. ते ऐकताच तिने डोळे मिटून हात जोडले.

मरी हे गाव ॲडलेडच्या उत्तरेस साडेसहाशे किलोमीटरांहून अधिक दूर. तेथून क्वीन्सलंड प्रांताच्या सरहद्दीपलीकडील बर्ड्सव्हिलपर्यंत सुमारे ५१७ किलोमीटरांची कच्ची सडक जाते. पूर्वी गुरांचे तांडे रेल्वेपर्यंत हाकीत आणण्याची ही वाट. हल्ली ती बरीच रुंद व नीट राखलेली आहे, आणि हिवाळ्यात म्हणजे जून-जुलैत पुष्कळ लोक ती सुखरूप ओलांडतात. तथापि १९६३ च्या डिसेंबरात पाच जणांचे एक कुटुंब याच भागात वाट चुकले, गाडीतील पेट्रोल संपले, गाडी सोडून ती माणसे निघाली आणि तहानेने मेली. ही हकीकत वाचून आम्ही मनातल्या मनात आमचे भाषण तयार केले.

भाषण राहिलेच. भाच्याने आम्हांस गॅरेजमध्ये नेले आणि नकाशा पसरला. "मामा, तुम्ही गणित तपासा. चूक सापडली तर मी जात नाही." आता मास्तरास असे कोणी म्हटल्यावर त्याने काय करावे?

गाडी जपानी बनावटीची, एका सिलिंडरची, ६५० सीसीची. मूळ टाकी तेरा लिटरांची. शंभर किलोमीटरांस पाच लिटर धरले तर अखेरच्या थेंबापर्यंत २६० किलोमीटर. मरीहून मंगेरॅनीचे उपाहारगृह सुमारे २०४ किलोमीटर. तेथे पेट्रोल मिळते. परंतु तेथून बर्ड्सव्हिल सुमारे ३१३! म्हणजे मूळ टाकीने गाडी पन्नास किलोमीटर अलीकडेच उभी राहणार, आणि रेताड जमीन व समोरचा वारा यांनी आणखी पेट्रोल खाल्ले तर त्याही आधी. भाच्याने तीस लिटरांची प्लास्टिकची टाकी बसविली होती. पेट्रोलचा लिटर पाऊण किलोचा, म्हणजे भरल्या टाकीत साडेबावीस किलो नुसते पेट्रोल. आम्ही सुचविले की मंगेरॅनीपर्यंत टाकी निम्मीच न्यावी. गणितात चूक सापडली नाही, परंतु एवढी सुधारणा त्याने मान्य केली.

पुढे आठ-दहा दिवस आम्ही त्या गॅरेजातच होतो. एका सिलिंडरचे इंजिन फार हादरते आणि खडबडीत वाटेवर नट-बोल्ट सैल होतात. म्हणून एकेक बोल्ट काढावयाचा, पुसावयाचा, त्यास निळ्या चिकट द्रवाचा थेंब लावून पुन्हा आवळावयाचा आणि बोल्ट व त्याखालचा भाग या दोहोंवरून पांढऱ्या रंगाची एकच आडवी रेघ ओढावयाची. बोल्ट फिरला की रेघ मोडलेली दिसते. पान्हा न लावता, रोज सकाळी नुसत्या नजरेने तपासणी होते. वह्या तपासण्यात आयुष्य गेलेल्या माणसास ही युक्ती फार भावली. रेघा ओढण्याचे काम आम्ही मागून घेतले आणि एकशे चौदा ओढल्या. एअर फिल्टर स्पंजाचा. तो धुऊन तेलात बुडवून पिळावयाचा, कारण तेथील धूळ पिठीसारखी बारीक असते. इंजिनाच्या पोटाखाली ॲल्युमिनियमचा जाड पत्रा आणि मुठींपुढे कोपरे बसविलेच होते.

खरा प्रश्न टायरचा. ही वाट स्टर्टच्या खडकाळ वाळवंटास लागून जाते. अंतर्भागात समुद्र असेल या आशेने १८४४ साली स्टर्ट साहेब चक्क होडी बरोबर घेऊन या मुलखात निघाले होते. त्यांना मिळाले ते धारदार दगड. आम्ही भाच्यास म्हटले, "जी हत्यारे बरोबर न्यायची, तेवढ्यांनीच अंगणात मागची ट्यूब बदलून दाखव." तो हसला. घड्याळ लावून आम्ही खुर्ची टाकून बसलो. प्रथमच कळले की मागच्या चाकाच्या आसाचा पान्हा पिशवीत नाही. तो भिंतीवर टांगलेला. नंतर टायर चढविताना पट्टीखाली नवी ट्यूब चिमटली आणि फाटली. एक तास चाळीस मिनिटे झाली होती आणि चाक अजून जमिनीवरच.

बहिणीस दिलेला शब्द पाळण्याची संधी आयती चालून आली होती. दारात सूनबाई उभी होती. तीही काही बोलली नाही. भाचा काळ्या हातांनी घाम पुसत म्हणाला, "मामा, एक आठवडा द्या." विद्यार्थ्याने पुन्हा परीक्षा मागितली तर नाही म्हणणे आम्हांस आजवर जमलेले नाही. मात्र अट घातली की एकट्याने जावयाचे नाही. तो थोडा वेळ गप्प बसला. मग कचेरीतील एका मित्रास त्याने तेथूनच दूरध्वनी केला. त्यानंतर रोज संध्याकाळी चाक उतरू लागले. सातव्या दिवशी पस्तीस मिनिटे! पुढच्या चाकाची ट्यूब अडल्यास मागच्या चाकात चालते, हेही तेव्हाच कळले, आणि जादा ट्यूब कोणती न्यावी हा वाद मिटला.

सामानाची निवड फार कठीण. १८६० साली बर्क आणि विल्स यांची प्रचंड मोहीम निघाली, तीत वीस टनांच्या आसपास सामान होते, टेबलखुर्च्यासुद्धा. तिच्यासाठी दोन डझन उंट आपल्याच तेव्हाच्या मुंबई इलाख्यातील कराची बंदरातून गेले होते. दोघेही पुढारी १८६१ साली कूपर नदीकाठी उपासमारीने मेले. हीच नदी खालच्या अंगास बर्ड्सव्हिलची वाट ओलांडते. तेथील यांद्रुवांधा लोक नार्डू नावाच्या वनस्पतीच्या बियांसारख्या दाण्यांचे पीठ खात आणि सुखाने जगत. आपल्या वैद्यकग्रंथांतील सुनिषण्णक तिच्याच कुळातले. ती खाण्यायोग्य कशी करावी हे या गोऱ्या मंडळींस नीट उमगले नाही. त्यांच्यातला किंग तेवढा त्या लोकांच्या आश्रयाने वाचला.

आम्ही तराजू मागविला. दुसरे बूट, जाड पुस्तक, घडीची खुर्ची गळाली. पाणी दहा लिटर, तेही तीन निरनिराळ्या पात्रांत, म्हणजे एक फुटले तर सारे जात नाही. पैकी एक पाठीवर. उपग्रहामार्फत संकटाची खूण पाठविणारे मुठीएवढे यंत्र त्याने पिशवीत ठेवले होते. ते आम्ही कोटाच्या खिशात घालावयास लावले. गाडीने फेकून दिल्यावर पिशवी गाडीपाशी राहील, माणूस निराळा पडेल. बहिणीने दिलेले बेसनाचे लाडू सव्वा किलो भरले. त्यांबद्दल कोणी तराजूकडे पाहिले नाही.

निरोप देण्यास आम्ही सारे मोटारीने मरीस गेलो. एके काळी येथे आगगाडी येई. आता रुळांपाशी इंजिने गंजत उभी आहेत. गावात खजुराची झाडे दिसतात. बलुचिस्तान-पेशावरकडून आलेल्या उंटवाल्यांची येथे मोठी वस्ती होती आणि त्यांच्या जुन्या मशिदीची मातीची प्रतिकृतीही उभारली आहे. एवढ्या लांब येऊन त्यांनी पाण्याचा आणि अंतराचा हिशेब कसा राखला असेल, हे त्या उजाड मैदानाकडे पाहता मनात आले. सकाळी सातला कडाक्याच्या थंडीत दोन्ही गाड्या निघाल्या. भाच्याची मुलगी हात हलवीत राहिली. धूळ खाली बसली तरी हलवीत होती.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी बर्ड्सव्हिलहून दूरध्वनी आला. "मामा, मागची ट्यूब गेली होती. दगडाने. बेचाळीस मिनिटे लागली. आणि सामानाच्या चौकटीवरची एक रेघ मोडलेली दिसली, ती सकाळीच आवळली."

पोहोचल्याचे आम्ही बहिणीस तत्काळ कळविले. ट्यूबचे मात्र तो परत आल्यावर सांगितले.