वन बीएचकेची प्रदक्षिणा

‘लग्न पाहावं करून आणि घर पाहावं बांधून’ ही म्हण ज्याने काढली, तो मुंबईच्या उपनगरात नक्कीच राहत नसणार. बांधायचं कुठे साहेब? इथे घर फक्त ‘बघतात’. शनिवारी बघतात, रविवारी बघतात, सँपल फ्लॅटमधल्या खोट्या फ्रिजसमोर उभं राहून, वेलकम ड्रिंक पीत बघतात. आणि सोमवारी भाड्याच्या घरातून ऑफिसला जातात. तुम्ही, मी, आपल्या डेस्कच्या आजूबाजूची निम्मी जनता.

माझं प्रकरण जरा अर्जंट आहे. अंधेरीत ऑफिस, अंधेरीतच मैत्रिणीबरोबर शेअर केलेला फ्लॅट. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जातेय. घरमालकांना मोठा फ्लॅट मिळणार, आम्हाला दोन महिन्यांची मुदत मिळाली. त्यात आईचा रोजचा फोन, ‘किती वर्षं दुसऱ्याच्या भिंतीत खिळा ठोकायला परवानगी मागणार?’

म्हणून एका रविवारी ब्रोकरच्या गाडीऐवजी आपलं तिकीट काढून निघाले. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर आणि परत अंधेरी. मुंबई उपनगर जिल्ह्याची प्रदक्षिणाच. शोधायचं होतं एक वन बीएचके आणि एका प्रश्नाचं उत्तर. आपल्या आधीच्या पिढीला हे जमलं कसं?

सुरुवात डी. एन. नगरपासून. इथून मेट्रो पकडणाऱ्या किती जणांना माहीत असतं, की हे दादाभाई नौरोजी नगर? ही हाउसिंग बोर्डाची वसाहत. बोर्डाचा कायदा १९४८ चा आणि १९७७ साली बोर्डाच्या जागी म्हाडा आली. त्या काळी अंधेरी म्हणजे ‘लांब’. १९५० साली ती मुंबईच्या हद्दीत आली, तर बोरिवली आणि मुलुंड थेट १९५७ साली. कमी पगाराच्या माणसांसाठी बांधलेल्या त्या छोट्या घरांच्या जागी आता टॉवर उठतायत. २०१४ साली मेट्रो वन आली, २०२३ मध्ये टू-ए इथवर पोहोचली. स्टेशन जवळ आलं आणि घर लांब गेलं!

टू-एने बोरिवली गाठली. पहिला स्टॉप, एक अंडर-कन्स्ट्रक्शन टॉवर. ३९० चौरस फूट कार्पेट, किंमत १ कोटी २० लाख. सेल्सवाला मुलगा माझ्याच वयाचा, टाय माझ्या बॉसपेक्षा भारी. त्याने हप्ता सांगितला, मी बाकीचं गणित मोबाइलवर मांडलं.

७५ लाखांच्या वरच्या कर्जाला बँक किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच पैसे देते. म्हणजे ९० लाख बँकेचे, ३० लाख माझे. बांधकाम चालू आहे म्हणून जीएसटी पाच टक्के, ६ लाख. स्टँप ड्युटी मेट्रो सेस धरून सहा टक्के, पण एकट्या बाईच्या नावावर घर असेल तर एक टक्का सूट, म्हणून ६ लाख. रजिस्ट्रेशन ३० हजार. टोटल ४२ लाख ३० हजार, तेही हप्ता सुरू होण्याआधीच. साडेआठ टक्के व्याज आणि वीस वर्षं धरली, तर हप्ता सुमारे ७८ हजार.

आता गंमत ऐका. जीएसटीच्या हिशेबात ‘परवडणारं घर’ म्हणजे ४५ लाखांपर्यंतचं. त्याला कर फक्त एक टक्का. म्हणजे मला जेवढी रोकड नुसती दारात उभं राहायला लागते, जवळजवळ तेवढ्यात सरकारच्या मते अख्खं घर यायला हवं!

डोकं गरम झालं, म्हणून रिक्षा करून गोराईला आत्याकडे गेले. इथे गल्लीत शिरलं की बोरिवलीचे टॉवर विसरायला होतात. चिंचोळी, एकमेकांना चिकटलेली एक-दोन मजली घरं, मध्ये चौक, दारात तुळस आणि स्कूटर. १९८५ च्या सुमारास जागतिक बँकेच्या कर्जातून बॉम्बे अर्बन डेव्हलपमेंट प्रोजेक्ट सुरू झाला. चारकोप आणि गोराई ही त्याचीच लेकरं. सरकारने तयार घर देण्याऐवजी छोटे प्लॉट पाडून दिले. रस्ता, पाणी, गटार सरकारचं, भिंती ज्याच्या त्याने उभारायच्या. मोठे प्लॉट बाजारभावाने विकायचे आणि त्या पैशात लहान प्लॉट स्वस्त ठेवायचे.

आत्याला मी माझं गणित दाखवलं. तिने चष्मा वर केला आणि म्हणाली, ‘अगं, आम्ही घर घेतलंच नाही. वाढवलं. आधी मोरी-संडास आणि एक खोली. काकांचा बोनस झाला की एक भिंत, माझी भिशी लागली की स्लॅब. वरचा मजला तर दादा दहावीला असताना झाला.’

हा दादा म्हणजे माझा आतेभाऊ. लग्नानंतर तो विरारला गेला. बोरिवलीत त्याला एकदम घ्यायला परवडलं नाही आणि हळूहळू वाढवायला प्लॉट कुठे उरलाय? रोज सकाळी आई-वडिलांच्या घरावरून लोकलने पुढे जातो.

आत्याचं वाक्य डोक्यात घेऊन मुलुंडला निघाले. नकाशात बोरिवली आणि मुलुंड सख्खे शेजारी, पण मध्ये नॅशनल पार्क. बिबट्याला शॉर्टकट, आपल्याला दादरवरून वळसा. पार्कखालून जाणाऱ्या गोरेगाव-मुलुंड लिंक रोडच्या बोगद्यांचं भूमिपूजन २०२४ साली झालं. बोगदा पूर्ण व्हायचाय, पण मुलुंडच्या ब्रोकरने त्याची किंमत आत्ताच रेटमध्ये धरली होती!

मुलुंड पश्चिमेचे सरळ, काटकोनातले रस्ते आवडतात ना? ती आखणी १९२० च्या दशकातली, क्राउन आणि कार्टर या आर्किटेक्ट कंपनीची. आधी रस्ते, मग प्लॉट, मग घरं. इथेही सुरुवात कोणीतरी जमीन नीट आखून देण्यापासूनच झाली. आज मात्र ब्रोकर म्हणाला, ‘मॅडम, बजेट बसत नसेल तर चेकनाक्याच्या पलीकडे बघा. आता तर टोलपण नाही.’ ते खरं आहे, ऑक्टोबर २०२४ पासून छोट्या गाड्यांना टोल माफ आहे. पण माझ्याकडे गाडी कुठाय?

शेवटचा स्टॉप घाटकोपरचं पंतनगर. हीसुद्धा हाउसिंग बोर्डाची वसाहत आणि इथेही रिडेव्हलपमेंट. जुन्या रहिवाशांना मोठं घर मिळतं, लिफ्ट मिळते, आणि ते मिळायलाच हवं. पण वरचे जादा मजले बाजारभावाने विकले जातात. पूर्वी इथे पहिल्या नोकरीवर माणूस शिरू शकायचा. आता शिरायचं तर आधीपासून आत असावं लागतं.

राहिली म्हाडाची लॉटरी. २०२४ साली मुंबईतल्या २,०३० घरांसाठी एक लाखाहून जास्त अर्ज आले. म्हणजे साधारण पन्नासात एकाचा नंबर. तरी मी फॉर्म भरणारच, फक्त त्यावर लग्नाची तारीख ठरवणार नाही.

संध्याकाळी घाटकोपरहून मेट्रो वन पकडली. वर्सोव्यापर्यंतचे ११.४ किलोमीटर, गार हवा आणि विचार करायला बराच वेळ. आपण मागच्या पिढीपेक्षा जास्त कॉफी पितो, म्हणून आपलं घर होत नाही, असं काही नाही. त्यांना पहिली पायरी मिळाली होती. एक खोली घ्या, पुढचं पुढे बघू. आपल्याला अख्खा जिना एका दिवसात विकत घ्यायला सांगतात. आणि नव्या मेट्रोइतकीच या शहराला नव्या गोराईची गरज आहे, असं जाहीरनाम्यात कोणी लिहीत नाही. निवडणुकीत मत मागायला येणाऱ्याला मी हेच विचारणार आहे.

तोवर माझा निर्णय झालाय. या वर्षी विकत घेणं नाही. तसाच फ्लॅट भाड्याने मला ३२ हजार सांगितला, दोघींत १६. हप्त्याच्या ७८ हजारांपुढे यात लाज कसली? फक्त अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर करून घ्यायचं. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने ते सक्तीचं आहे, अकरा महिन्यांचं असलं तरी. आणि ती जबाबदारी मालकाची आहे, हे तुम्हीही लक्षात ठेवा.

आईला हे सगळं सांगितलं. ती जरा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, ‘बरं, पण खिडकी पूर्वेला असू दे.’

तर मंडळी, मेट्रो वनच्या कुठल्याही स्टेशनपासून चालत दहा मिनिटं. दोघी नोकरदार, भाडं वेळेवर. पूर्वेला खिडकी आणि खिळ्यांना परवानगी. आहे का कुणाच्या ओळखीत?