धारेचं मशीन

आमच्या सुतारमेटाच्या कोपऱ्यात पोत्याखाली एक मशीन चाळीस वर्षं पडून होतं. कोंबड्या त्यावर बसायच्या. ते काय आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण नाव कुणी काढत नव्हतं.

१९७९ साली तालुक्याच्या गावातली एक लाकडाची वखार मोडली, तेव्हा आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते उचलून आणलं. बिडाचा स्टँड, आडवा शाफ्ट, त्यावर दहा इंची चाक आणि खाली अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटार. तोवर पटाशी असो की रंध्याचं पातं, दगडावर तेल टाकून घासत बसायचं. शेतकरी मंडळींना सांगायला नको, औतं बाभळीची, आणि वाळलेली बाभूळ धारेला कशी खाते! मृगाच्या तोंडावर दारात कुळव-तिफणींची रांग लागायची आणि आण्णांचा निम्मा दिवस नुसता घासण्यात जायचा. मशीन आलं आणि आळीतल्या बायकाही विळे-खुरपी घेऊन येऊ लागल्या.

१९८४ च्या वैशाखात नवं चाक आणलं. पिशवीतून काढताना ते माझ्या हातून निसटून फरशीवर पडलं. मी बारा वर्षांचा. उचलून बघितलं, टवका उडालेला दिसला नाही, गुपचूप जागेवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी आण्णांनी ते चढवलं, मोटार सुरू केली, रंध्याचं पातं टेकवलं मात्र, चाक फुटलं. एक तुकडा आढ्याला गेला, एक आण्णांच्या डाव्या हातावर बसला. दोन बोटं कायमची आखडली. मशीनवर पोतं पडलं. मी काही बोललो नाही.

गेल्या उन्हाळ्यात माझा मुलगा आयटीआयमधून फिटर होऊन आला आणि त्यानं पोतं ओढून काढलं. "बाबा, हे चालू करू या." मी दोन दिवस टाळाटाळ केली. मग वाटलं, मी नाही म्हटलं तर हा माझ्यामागं एकटाच करील. त्यापेक्षा शेजारी उभं राहिलेलं बरं.

गंजलेल्या बोल्टांना डिझेल पाजून रात्रभर ठेवलं, तेव्हा ते हलले. शाफ्ट सरळ होता, पण बुश इतके झिजलेले की हातानं हलवला तर खडखडायचा. तेलाची भोकं मातीनं बुजलेली. तालुक्याच्या लेथवर गनमेटलचे नवे बुश करून घेतले. मोटार नुसती गुणगुणायची, फिरायची नाही. मला वाटलं वाइंडिंग जळलं. मुलगा म्हणाला, कपॅसिटर गेला असेल. तसंच निघालं. नवा बसवला आणि मोटार पहिल्या झटक्याला उठली.

खरी गोष्ट वेगाची. मोटार मिनिटाला १४४० फेरे घेते. तिच्यावर चार इंची पुली आणि शाफ्टवर तीन इंची, त्यामुळं चाक १९०० च्या वर फिरायचं. त्या वेगात जरा जास्त वेळ टेकवलं की पात्याचं टोक निळं पडतं, म्हणजे पोलादाचं पाणी उतरलं, आणि मग ती धार दोन फळ्यांतच बसते. आता शाफ्टवरची तीन इंची पुली मोटारीवर चढवली आणि शाफ्टवर बारा इंची आणली. चाक ३६० फेऱ्यांवर आलं. वर पत्र्याच्या डब्यातून पाण्याची धार सोडली. पाणी आलं म्हणजे विजेची भीती आली, म्हणून मोटार बाजूला सरकवून मध्ये पत्रा मारला आणि अर्थिंग नव्यानं करून घेतलं. चाक पाण्यात उभं ठेवायचं नाही, नाहीतर एकाच बाजूला पाणी पिऊन ते जड होतं आणि फिरताना हेलकावतं. चाकावर लोखंडी पत्र्याचा जाड गार्ड बसवला. जुन्याला तो नव्हताच.

नवं चाक पोलादासाठीचं, पांढरं. मुलानं ते बोटावर टांगलं आणि पटाशीच्या लाकडी मुठीनं चार ठिकाणी हलकंच वाजवलं. काशाच्या वाटीसारखा आवाज आला.

"तडकलेलं असलं तर?" मी विचारलं.

"बद्द वाजतं. वरून दिसत नाही, आतून गेलेलं असतं. म्हणून पडलेलं चाक कधी चढवायचं नाही."

मी तसाच उठून ओसरीवर गेलो. आण्णा बाजेवर पडले होते. वय त्र्याऐंशी, कान मात्र शाबूत. मी सांगितलं. चाळीस वर्षांचं दोन वाक्यांत संपलं.

आण्णा जरा वेळानं म्हणाले, "ठाऊक होतं मला."

"कसं?"

"चाक फुटलं तेव्हा सगळं गाव बघायला धावलं. तू तेवढा आला नाहीस."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू मेटात पाय ठेवला नसतास. आणि वाजवून मी तरी कुठं बघितलं होतं?" मग कुशीवर वळले. "आता कसं वाजलं, ते मला इथं ऐकू आलं. चांगलं आहे. चढवा."

चढवलं. पहिली पाच मिनिटं रिकामंच फिरवलं, कुणी समोर उभं राहिलं नाही. मग आण्णांना खुर्चीवर आणून बसवलं. त्यांनी रंध्याचं जुनं पातं मागितलं, आखडलेली बोटं खाली आणि उजवा अंगठा वर, असं धरून टेकावर ठेवलं. ठिणगी नाही, धूर नाही, नुसतं पाण्यातून सरसर. पातं उचलून नातवाच्या तळहातावर ठेवलं. गार होतं.

"उतार जाडीच्या दुप्पट ठेव," ते त्याला म्हणाले, "बाभळीला तेवढा लागतो. आणि शेवटचा हात तेलाच्या दगडावरच."

संध्याकाळी शेजारच्या काकू चार खुरपी घेऊन दारात आल्या. मशीन चालू झाल्याचं त्यांना कुणी सांगितलं, देव जाणे.