घरी निघून गेलेला माणूस

नाटकाच्या तासाला मकरंद साठे यांच्या ‘सूर्य पाहिलेला माणूस’चा विषय निघाला, की मी गेली कित्येक वर्षे एकच भाषण करीत आले. लोकशाहीचा टेंभा मिरवणाऱ्या नगरीने आपल्या सर्वांत शहाण्या माणसाला विष पाजले, आणि तो विचारस्वातंत्र्याचा पहिला हुतात्मा ठरला. वर्ग गंभीर होई आणि मलाही बरे वाटे. आय. एफ. स्टोन या अमेरिकन पत्रकाराचे ‘द ट्रायल ऑफ सॉक्रेटिस’ हे पुस्तक वाचल्यापासून मात्र ते भाषण मला पूर्वीसारखे करता येत नाही.

स्टोनचा जन्म १९०७ चा. तत्त्वज्ञानाचा अभ्यास अर्धवट टाकून तो वृत्तपत्रात शिरला. रूझवेल्टच्या ‘न्यू डील’चे कायदे सर्वोच्च न्यायालय रद्दबातल ठरवीत होते, तेव्हा, १९३७ मध्ये, त्याने त्या न्यायालयावरच ‘द कोर्ट डिस्पोजेस’ हे पुस्तक लिहिले. मॅकार्थीच्या काळात त्याला कोणी नोकरी देईना. तेव्हा १९५३ मध्ये त्याने चार पानांचे स्वतःचे साप्ताहिक काढले. लेखन त्याचे, व्यवस्था पत्नी एस्थरची. पाचेक हजार वर्गणीदारांवर सुरू झालेले हे पत्र १९७१ मध्ये बंद झाले, तेव्हा त्याचा खप सत्तर हजारांच्या घरात होता.

त्याला ऐकू कमी येई. पत्रकार परिषदांपेक्षा छापील अहवाल आणि इतिवृत्ते मुळापासून वाचण्यावर त्याची भिस्त असे. १९५७ मध्ये नेवाडात भूमिगत अणुचाचणी झाली. तिचा हादरा दोनशे मैलांपलीकडे नोंदवला गेला नाही, असे अणुऊर्जा आयोगाने सांगितले. अशा चाचण्या दुरून ओळखता येत नसतील, तर चाचणीबंदीचा करार व्यर्थ, असा युक्तिवाद त्यावर उभा राहणार होता. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातल्या दोन-चार ओळींच्या परदेशी बातम्यांनी स्टोनला शंका आली. त्याने सरकारच्याच भूकंपतज्ज्ञांना गाठले. दोन हजार मैलांहून दूर, अलास्कात, हादऱ्याची नोंद झालेली होती. आयोगाला आपले विधान दुरुस्त करावे लागले.

साप्ताहिक बंद केल्यावर त्याने विचारस्वातंत्र्याचा इतिहास लिहायला घेतला. सतराव्या शतकातल्या इंग्लंडपासून मागे मागे जात तो अथेन्सला पोहोचला, आणि तिथे अडला, कारण भाषांतरांवर त्याचा विश्वास बसेना. मग पासष्टीच्या आसपास या गृहस्थाने प्राचीन ग्रीक शिकायला घेतले. मोकळेपणी बोलण्याला ग्रीकांकडे एकच शब्द नव्हता. सभेत बोलण्याचा सर्वांचा समान हक्क म्हणजे ‘इसेगोरिया’, तर भीड न ठेवता बोलणे म्हणजे ‘पार्हेसिया’. अशा शब्दांच्या छटा मूळ संहितेतच पाहाव्यात, हा त्याचा आग्रह. पुस्तक १९८८ मध्ये आले, आणि १९८९ मध्ये स्टोन वारला.

पुस्तकात तो अथेन्सला निर्दोष ठरवत नाही. इ. स. पूर्व ३९९ चा तो खटला त्याच्या मते त्या नगरीवरचा डागच होता. पण तो आरोपीचीही उलटतपासणी घेतो. सॉक्रेटिसने भाषणस्वातंत्र्याचाच आधार घेतला असता, तर तो सुटला असता, असे स्टोनचे म्हणणे. पण तसे करणे म्हणजे ज्या लोकशाहीची त्याने टर उडवली, तिचेच तत्त्व मान्य करणे झाले असते. या मांडणीवर अभ्यासकांनी आक्षेप घेतले. आरोपपत्रात देवदेवतांबद्दलचा मजकूर होता, त्याला स्टोन गौण ठरवतो, हा त्यांतला मोठा आक्षेप मलाही पटतो.

तरीही एका प्रसंगापाशी मी थांबले. इ. स. पूर्व ४०४ मध्ये लोकशाही उलथवून तीस जणांची जुलमी राजवट आली. तिने सॉक्रेटिसला आणि आणखी चौघांना बोलावून आज्ञा केली, की सॅलामिसच्या लिऑनला ठार मारण्यासाठी घेऊन या. चौघे गेले. सॉक्रेटिस गेला नाही. तो घरी निघून गेला. प्लेटोच्या ‘अपॉलॉजी’त तो हे स्वतःच सांगतो, आणि ही राजवट लवकर कोसळली नसती तर आपला जीव गेला असता, असेही म्हणतो. ते धैर्य होतेच. स्टोनला मात्र एवढे पुरेसे वाटत नाही. एक निरपराध माणूस मारला जात असताना नुसते घरी जाणे, एवढेच?

काही वर्षांपूर्वी मी आमच्या महाविद्यालयाच्या वार्षिकांकाची संपादक होते. एका विद्यार्थ्याने तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांच्या थकलेल्या मानधनावर लेख दिला होता. लेख चांगला होता. तो ‘दर्जाअभावी’ नाकारल्याच्या टिपणावर सही करा, असे मला वरून सांगण्यात आले. मी सही केली नाही. डोके दुखते आहे असे सांगून मी घरी गेले. दुसऱ्या कोणीतरी सही केली. आपण सही केली नाही, याचे समाधान मी बरीच वर्षे बाळगले. स्टाफरूममध्ये ते एकदोनदा ऐकवलेही.

अंक निघाल्यावर तो मुलगा भेटला होता. “मॅडम, लेख का नाही आला?” एवढेच त्याने विचारले. “जागेअभावी,” मी म्हटले.

सॉक्रेटिसशी माझी तुलना करण्याचा वेडेपणा मी करणार नाही. त्याच्या जिवाला धोका होता, माझ्या फार तर वेतनवाढीला. पण पापात सामील न होणे आणि पापाविरुद्ध बोलणे यांत अंतर असते, आणि ते आपण सोयीने विसरतो, हे मला स्टोनने दाखवले. तो लेख, त्या मुलाच्या अक्षरातला, अजून माझ्या कपाटात आहे. त्याला जे तेव्हाच सांगायला हवे होते, ते निदान इथे लिहिते. जागा होती. शेवटच्या फर्म्यातली दोन पाने कोरीच गेली होती.