दुर्बिणीची बैठक

दुर्बीण म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे तिची लांब नळी येते. ती नळी ज्यावर उभी असते, त्या बैठकीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. आकाश नुसते पाहायचे असेल तर हे दुर्लक्ष खपून जाते. त्याचे छायाचित्र घ्यायचे ठरवले की मात्र खरी परीक्षा बैठकीचीच होते.

पृथ्वीच्या परिवलनामुळे आकाश तासाला १५ अंश सरकताना दिसते. अंधुक तेजोमेघाचे चित्र उमटण्यासाठी तर कॅमेरा कित्येक मिनिटे उघडा ठेवावा लागतो. तेवढा वेळ दुर्बिणीने ताऱ्याच्या मागे निमूटपणे जायला हवे. यासाठी बैठकीचा एक अक्ष ध्रुवाकडे रोखतात. आमच्या बोरसीहून ध्रुवतारा क्षितिजापासून सुमारे २१ अंशांवर दिसतो. अक्षही तेवढाच कलवायचा. मग मोटार त्याला २३ तास ५६ मिनिटांत एक फेरी या गतीने फिरवते. यात अंशाच्या हजाराव्या भागाइतका हिसका बसला, तरी ठिपक्यासारखा तारा फराटा होऊन उमटतो.

आमच्या वस्तीतील एका तरुणाने दुर्बिणीसाठी दोन वर्षे पैसे साठवले होते. त्याच्या मनात आठ इंची आरशाची दुर्बीण भरली होती. नळीचे वजन ९ किलो आणि बैठकीची क्षमता १० किलो, म्हणजे हिशेब जुळला, असे त्याला वाटले. मी त्याला कॅमेरा, नळीची कडी आणि मार्गदर्शक दुर्बीण यांचे वजन मिळवायला सांगितले. बेरीज १२ किलोंवर गेली. शिवाय निर्माते सांगतात ती क्षमता बहुधा डोळ्यांनी पाहण्यापुरती असते. छायाचित्रणासाठी अनुभवी मंडळी तिच्या निम्म्यापासून दोन तृतीयांशापर्यंतच भार ठेवतात. नळी लांब असेल तर आणखी कमी. कारण लांब नळीला वारा अधिक लागतो आणि तिची थरथर लवकर शमत नाही.

"काका, मग एवढीशी ८० मिलिमीटरची दुर्बीण घेऊ?" तो हिरमुसून म्हणाला. त्याची तक्रार अगदीच गैर नव्हती. आठ इंची आरसा तिच्या सहापट प्रकाश गोळा करतो. पण लहान भिंगाची उणीव अधिक वेळ चित्रण करून बरीचशी भरून काढता येते. डळमळत्या बैठकीवर तो वेळच वाया जातो.

मोठ्या वेधशाळांनाही हा प्रश्न चुकलेला नाही. अमेरिकेतील माउंट विल्सन येथे १९१७ साली १०० इंची दुर्बीण उभी राहिली. तिचा फिरणारा भाग सुमारे १०० टनांचा. तो सहज वळावा म्हणून त्याचा भार पाऱ्यावर तरंगता ठेवला होता. याच दुर्बिणीने १९२३ मध्ये घेतलेल्या छायाचित्रांत एडविन हबल यांना देवयानीतील तो रूपविकारी तारा सापडला, ज्याच्यामुळे आपल्या आकाशगंगेबाहेरही दीर्घिका आहेत हे उमगले. एवढा मोठा शोध, आणि तो पाऱ्याच्या थरावर तोललेला!

त्या तरुणाने अखेर आधी बैठकच घेतली. दुर्बिणीपुरते पैसे उरले नाहीत, म्हणून तिच्यावर त्याने आपला जुना कॅमेराच बसवला. थंडीत शहराच्या उजेडापासून दूर जाऊन त्याने मृग नक्षत्राचे चित्र घेतले. तेजोमेघ बोराएवढाही नव्हता, खालच्या कडेला भिलाईचा तांबूस उजेड होताच. पण तारे गोल आले होते.